साठाव्या पानावरचं पाकीट

वाचनालय अग्निशामक दलाच्या डोक्यावर होतं. खाली दोन बंब, वर नऊ हजार पुस्तकं. गावातली सगळ्यात जळाऊ वस्तू सगळ्यात सुरक्षित जागी ठेवण्याचा शहाणपणा नगरपालिकेच्या हातून एकदाच घडला, आणि तोही दुसरी जागा मिळेना म्हणून. खाली भोंगा झाला की वरचे वाचक माना वर करत, बंब गेला की माना खाली घालत. कुणाचं घर पेटलं ते विचारण्याआधी आपली ओळ सापडतेय का ते बघत.

इथे कादंबऱ्या निवडायचं काम तेवीस वर्षं एकाच बाईंकडे होतं. कागदोपत्री त्या ग्रंथपाल. गाव त्यांना निवडकाकू म्हणे, कारण धान्यातून खडे काढावेत तशा त्या पुस्तकं निवडत. निवडून झाल्यावर खडेच आपल्या वाट्याला येतात, अशीही काही वाचकांची तक्रार होती. पण ती जिन्यात, हळू आवाजात.

कपाटांना कुलपं होती आणि किल्ल्या काकूंच्या गळ्यात. वाचकाने काय हवं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि काकू जे आणून देतील ते घ्यायचं, अशी पद्धत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा असा नियम मात्र कुठे लिहिलेला नव्हता.

"काकू, मी भुताची मागितली होती."

"तुम्हाला भुतं पुष्कळ झाली. ही घ्या, माणसांची."

"बदलून मिळेल का?"

"मिळेल की. वाचून झाल्यावर."

पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या होत्या. भुताखेतांना लाल, घरगुती भांडणांना हिरवी, आणि पोरवयाच्या गुप्तहेरांना पिवळी. पिवळ्या कपाटात इतर शेकडो हेरांच्या जोडीला शाळेत जाणाऱ्या दोन बहिणी आणि त्यांचा लंगडा पोपट मिळून अठ्ठेचाळीस भागांत अठ्ठेचाळीस चोर पकडत. पोलीस शेवटच्या प्रकरणात येऊन बेड्या घालत आणि पोपटाचं कौतुक करत. खिडकीजवळच्या कपाटाला पट्टीच नव्हती. तिथे कातडीच्या रंगावरून बसमधून उतरवलेली, शाळेतून हाकललेली, न केलेल्या गुन्ह्यासाठी गजांआड गेलेली माणसं राहत. ती कपाटं म्हणजे काकूंच्या लेखी जिना होता. माणूस पिवळ्यावरून चढायला लागतो, चोर कोण हे विचारायची त्याला सवय लागते, आणि मग एक दिवस तो खिडकीपाशी पोचून मोठ्या चोरांबद्दल विचारायला लागतो. तेवीस वर्षांत चारशे सभासदांपैकी नऊ जण खिडकीपर्यंत पोचले होते. त्यातले दोघं वाऱ्यासाठी.

कोण कितव्या पायरीवर आहे याची काकूंकडे वही होती. प्रत्येक सभासदापुढे एक शेरा. 'हिरवा. रडायला आवडतं.' 'लाल. घाबरतो, कबूल करत नाही.' वही कुणाला दाखवायची नाही, एवढी माणुसकी त्यांच्याकडे होती.

पुस्तकं विकत घ्यायची तर समितीची मंजुरी लागे. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर आणि सचिव होते फरशीवाले. उरलेले तीन सदस्य चहा घेत. समिती पुस्तकं वाचत नसे. वाचून निर्णय घेतला तर तो पक्षपाती होतो, असं फरशीवाल्यांचं मत होतं. काकू प्रत्येक पुस्तकाबद्दल एक ओळ लिहून देत आणि समिती त्या ओळीवर डोलत नाहीतर आडवी मान हलवत असे. खिडकीच्या कपाटासाठी काकूंनी 'वर्णभेदाने पिचलेल्या कुटुंबाची कहाणी' असं लिहून पाठवलं, की परत येताना कडेला शेरा असे: 'वाचकांना उदास करणारे. नको.' तीन वर्षं सलग नको. बहिणींचा पोपट मात्र दरवर्षी एकमताने मंजूर.

चौथ्या वर्षी काकूंनी एक ओळ बदलली. 'एका गुन्ह्याचा थरारक तपास.' एकमताने मंजूर! खोटं त्यात काही नव्हतं. गुन्हा होता आणि तपासही होता. तो थरारक होता हे तर कुणीही कबूल करेल, विशेषतः ज्याच्यावर झाला तो. अशी अकरा पुस्तकं आली. पण नियमाचं शेपूट असं, की तपास म्हणून मंजूर झालेल्या पुस्तकाला पिवळीच पट्टी लागायची. वार्षिक तपासणीत पट्टी आणि नोंद जुळली नाही तर बोंब. तेव्हा काकूंनी अकराही जणांना पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि पिवळ्या कपाटाच्या तळच्या फळीवर, पोपटाच्या पायाशी बसवलं. किल्ल्या आपल्याच गळ्यात आहेत, मग चिंता कसली?

चिंता दातात होती. दाढ दुखायला लागली, अध्यक्षांनी ती स्वतः उपटली, आणि गाल फुगवून काकू दोन दिवस घरी बसल्या. खालच्या दलातल्या बंबवाल्याला वर बसवलं. काकू त्याला किल्ल्या आणि एकच सूचना देऊन गेल्या होत्या: "डोकं चालवू नका. पट्टी बघा आणि द्या." आग विझवणारा माणूस हुकमाचा पक्का असतो. त्याने डोकं अजिबात चालवलं नाही.

नेमके त्याच दिवशी हवालदार आले.

हवालदार म्हणजे एकाहत्तर वर्षांचे निवृत्त गृहस्थ. मिशा अजून नोकरीत. वाचनालयातले सगळ्यात निष्ठावान वाचक, आणि वाचत फक्त पिवळं. त्यांची एक रीत होती. पहिली साठ पानं वाचनालयातल्या टेबलाशी बसून वाचायची, साठाव्या पानावर पुस्तक मिटायचं, गुन्हेगाराचं नाव आणि कारणं एका कागदावर लिहून पाकिटात घालायची आणि पाकीट डिंकाने बंद करून काकूंच्या स्वाधीन करायचं. मग उरलेलं पुस्तक घरी. परत आणताना पाकीट दोघांसमक्ष फोडायचं. आजवर दोनशे बारा वेळा नाव बरोबर निघालं होतं आणि नऊ वेळा चुकलं होतं. त्या नऊ वेळा लेखकाने तपास नीट केला नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तिसऱ्या दिवशी काकूंनी खण उघडला आणि दाढेची कळ विसरल्या. आत हवालदारांचं बंद पाकीट, आणि वर तळच्या फळीवरच्या कादंबरीचं नाव.

"हे तुम्ही दिलंत?" त्यांनी बंबवाल्याला बोलावून विचारलं.

"पिवळी होती, काकू. त्यांनी पण विचारलं, पोपट कुठंय? मी म्हटलं, येईल पुढे."

पोपट येणार नव्हता. त्या कादंबरीत एका रेल्वेच्या फलाटावरचा काळा हमाल होता. एका गोऱ्या बाईंची पेटी हरवते आणि हमालाला धरतात. एकशे नव्वदाव्या पानावर ती पेटी बाईंच्याच माळ्यावर सापडते. घरातून ती निघालेलीच नसते. पण तोवर अर्ध्या गावाने त्याला पेटी नेताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एवढ्या भल्या माणसांना खोटं पाडण्यापेक्षा एका हमालाला आत ठेवणं सोयीचं, म्हणून तो आतच राहतो आणि आतच मरतो. चोर कोणीच नाही. चोरीच नाही.

चार दिवसांनी हवालदार पुस्तक घेऊन आले. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, पालथं.

"माझं पाकीट द्या, बाई."

"फोडूया की. कात्री काढते."

"फोडायचं नाही. तसंच द्या."

"दोघांसमक्ष फोडायचं हा नियम तुमचाच. चौदा वर्षं चालवलात."

"मग राहू दे तुमच्याकडे!" हवालदार म्हणाले आणि जिना उतरून गेले. मिशा पहिल्यांदाच ढिल्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी समितीकडे त्यांची लेखी तक्रार आली, तीन प्रतींत. पिवळी पट्टी लावून वाचकाची दिशाभूल करण्यात आली आहे, सदर पुस्तकात गुन्हेगार आढळून येत नाही, तरी योग्य ती चौकशी व्हावी. फरशीवाल्यांनी तळची फळी तपासली आणि अकराच्या अकरा बाहेर काढली. काकूंच्या अकरा ओळीही काढल्या. मग त्यांनी बैठक बोलावली आणि विषयपत्रिकेत एकच विषय ठेवला: पुस्तकनिवडीचे अधिकार काकूंकडून काढून घेणे, आणि यापुढे पुरवठादाराकडून तयार गठ्ठे मागवणे. गठ्ठ्यात काय यायचं ते पुरवठादार ठरवणार. तो कधीच कुणाला उदास करत नसे; त्याच्याकडे पोपटाचे आणखी साठ भाग तयार होते.

काकूंची घरात पहिल्यांदाच जेवणावरची वासना उडाली. त्यांचे यजमान शिंपी होते. पुस्तक त्यांनी फक्त कापडावर वजन म्हणून वापरलेलं. पण मापाला पक्के.

"अगं, रडतेस काय? तुझा साक्षीदार तुझ्याच खणात बसलाय. फोड पाकीट बैठकीत. त्यात काय लिहिलंय हे मलासुद्धा कळतं, आणि मी पुस्तक उघडलेलं नाही."

"दुसऱ्याचं बंद पाकीट आहे ते."

"आणि तू बंद कपाटात काय काय घुसवलंस? नाकाने कांदे सोलू नकोस."

"अहो, ते वेगळं."

"वेगळं असतंच. आपलं नेहमी वेगळं असतं." शिंप्यांनी दोरा दातांनी तोडला. "बरं, नको फोडू. निदान पिशवीत तरी टाक. तिथं गेल्यावर मन बदललं तर परत यायला नको."

काकूंनी पाकीट पिशवीत टाकलं. मन बदलायला त्यांची काही फार हरकत नव्हती.

बैठक सकाळी अकराला वाचनालयातच भरली. फरशीवाल्यांनी काकूंच्या ओळी एकेक करून वाचून दाखवल्या, बिल वाचावं तशा. "थरारक तपास. उत्कंठावर्धक तपास. गुंतागुंतीचा तपास. बाई, ही फसवणूक नाही तर काय आहे?"

काकूंनी गालावर हात धरला. दाढेची जागा अजून ठणकत होती.

"बोला. तोंड उघडा," अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून चाळीस वेळा म्हणत, पण उत्तर ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"तीन वर्षं खरं लिहिलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणालात. चौथ्या वर्षी निम्मं लिहिलं, तर एकमत झालं. माझी चूक एवढीच, की मी तीन वर्षं वाया घालवली."

चहा घेणारे तीन सदस्य एकदम कपात बघायला लागले. फरशीवाले म्हणाले, "उर्मट उत्तर आहे. नोंद घ्या." नोंद तेच घेत, म्हणून त्यांनी घेतली. "आता तक्रारदार सांगतील, की त्यांना किती मनस्ताप झाला."

हवालदार भिंतीलगतच्या खुर्चीत ताठ बसले होते. काकूंचा हात पिशवीत गेला. पाकीट बोटांना लागलं. आता फोडलं तर चार माणसांत म्हाताऱ्याची मिशी उतरेल, आणि गठ्ठ्यांचा विषयही बारगळेल. नाही फोडलं तर उद्यापासून पोपट. त्यांनी पाकीट बाहेर काढलं, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि ते हवालदारांच्या मांडीवर ठेवलं.

"तुमचं आहे. परवा मागितलंत तेव्हाच द्यायला हवं होतं."

हवालदारांनी पाकीट उचललं. उलटं करून डिंक तपासला. मग खिशातली किल्ली घालून त्यांनी ते स्वतःच फाडलं.

"तक्रारीत दुरुस्ती आहे," ते उभे राहून म्हणाले. आवाज साक्षीच्या पिंजऱ्यातला. "साठाव्या पानावर मी लिहिलं ते असं. संशयित: हमाल. कारणं. एक, घटनास्थळी हजर होता. दोन, हाक मारल्यावर पळाला. तीन, जबाब देताना नजर खाली." त्यांनी कागद जरा लांब धरला. "चार, 'असली माणसं.' पुढे वाक्य पुरं केलेलं नाही. करायची गरज वाटली नाही."

फरशीवाल्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, पण ती कादंबरी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"होय साहेब. म्हणून एकशे नव्वदाव्या पानावर पेटी तरी सापडली. बत्तीस वर्षं नोकरी केली मी. तिथे नंतर पाकिटं फोडून बघायची पद्धत नव्हती."

"म्हणजे तक्रार मागे घेताय?" फरशीवाल्यांनी पेन उचललं.

"नाही. पट्टी चुकीची आहे ती आहेच. बाईंनी फसवलंच."

"मग तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने बोलताय?"

"एकदा तरी कुणाच्याच बाजूने नाही असं बोलून बघतोय," हवालदार म्हणाले आणि बसले.

यावर समितीने जे केलं ते समित्याच करू जाणोत. विषय गंभीर आहे यावर एकमत झालं. पुरवठादाराचे गठ्ठे मागवायचे तर नमुने वाचून बघायला उपसमिती हवी, असं अध्यक्षांनी सुचवलं. उपसमितीवर कोण, असं विचारताच प्रत्येकाला आपापला धंदा आठवला. तेव्हा गठ्ठे लांबणीवर पडले. काकूंना लेखी ताकीद मिळाली, आणि यापुढे प्रत्येक पुस्तकाबद्दल एका ओळीऐवजी तीन ओळी लिहाव्यात असा ठराव झाला. तीन ओळींत खोटं बोलणं अवघड जातं, असं फरशीवाले अनुभवाने म्हणाले. निवड काकूंकडेच राहिली.

काकू जिंकल्या होत्या. माणूस जिंकला की आधी हिशेब नीटनेटके करतो, म्हणून समिती उतरून गेल्यावर त्यांनी खणातली वही काढली. हवालदारांपुढचा शेरा आता बदलायला हवा होता. पान उघडलं. चौदा वर्षांपूर्वीची शाई, स्वतःचं वळणदार अक्षर: 'पिवळा. कायम.'

कारणही दिलेलं नव्हतं.

त्यांनी आधीचं पान उलटलं, मग त्याच्या आधीचं. चारशे माणसं, चारशे शेरे, बहुतेक पहिल्याच भेटीत लिहिलेले. हवालदार निदान साठ पानं तरी वाचत. काकूंना माणूस जिना चढून वर येईपर्यंतच कळत असे. आणि उगाच आत ठेवलेल्यांची बाजू घेणाऱ्या त्या कादंबऱ्या त्यांनी कुलपात ठेवून, कोण त्यांच्या लायकीचं ते ठरवलं होतं. पेन हातात होतं, पण 'कायम' खोडून तिथे दुसरं काय लिहायचं ते सुचेना. दुसरं काहीही लिहिलं तरी तो शेराच होणार होता.

शेवटी त्यांनी वही मिटली, उठल्या आणि एकेका कपाटाचं कुलूप काढायला लागल्या. लाल कपाटाची किल्ली गंजलेली. ती फिरवायला बंबवाल्याला वर बोलवावं लागलं.

"चोरी झाली का काकू?" त्याने विचारलं.

"नाही. उद्यापासून ज्याचं त्याने घ्यायचं."

"मग तुम्ही काय करणार?"

"डोकं आणि तोंड दोन्ही बंद ठेवणार. तुमच्याच्याने होतं, माझ्याच्याने का नाही होणार?"

होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावाने जो काही धुमाकूळ घातला तो बघून काकूंच्या जिभेला फोड यायचे बाकी होते. भुतं आवडणाऱ्याने तीन भुतांच्या कादंबऱ्या छातीशी धरल्या. रडणाऱ्या बाईंनी जाडीवरून निवड केली. एकाने आत्मविश्वासाने दुसरा भाग घेतला, पहिला जागेवर ठेवून. दोघांनी रिकाम्या हातांनी परत जाताना विचारलं, "काकू, बरं नाही का तुम्हाला? देत का नाही काही?"

दहाच्या सुमाराला हवालदार आले. उघड्या कपाटांपुढे हात मागे बांधून पाऊण तास फिरले, गस्त घालावी तसे. तळच्या फळीवरची अकरा पुस्तकं आता पट्ट्या खरवडून खिडकीजवळ गेली होती. तिथे ते थांबले.

"तुम्हीच द्या ना बाई एखादं. ते हमालासारखं."

"कपाट उघडं आहे, हवालदार."

"ते दिसतंय. पण कोणतं घेऊ?"

कोणतं ते काकूंना नेमकं ठाऊक होतं. दुसऱ्या फळीवर, उजवीकडून तिसरं. तो आकडा त्यांच्या ओठांपर्यंत आला. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. तेवीस वर्षांतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं खोटं होतं, आणि ते तीन ओळींतही मावलं नसतं.

हवालदारांनी खिडकी सोडली, हिरव्या कपाटाशी गेले आणि सहाशे पानांचं एक धूड उपसून काढलं. दोन जावांची कादंबरी. एक वाटणी, एक विहीर, आणि चारशे पानं अबोला. काकूंनी ती तीनदा वाचली होती, तिन्ही वेळा कर्तव्य म्हणून.

"अहो, त्यात..." काकूंच्या तोंडून निघालंच.

"काय त्यात?"

"काही नाही. नोंद करून घ्या."

हवालदार टेबलाशी बसले. त्यांच्याकडे बघायचं नाही, असं काकूंनी स्वतःला बजावलं आणि कार्डं लावायला घेतली. पंधरा मिनिटांत चार वेळा बघितलं. पाचव्यांदा बघितलं तेव्हा हवालदार तोंडावर रुमाल धरून गदगदा हसत होते. त्या कादंबरीत हसण्यासारखं काही आहे, हे काकूंना अजून सापडायचं होतं.